रीळ भारी, लाइन भारी, तरी गुंताच: लेक फोर्कवरचं एक बेटकास्टर प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. डॅलसकडचा आमचा एक मित्र, आयटीवाला, स्पिनिंग रॉडवर (कास्ट करताना स्पूल न फिरणारं रीळ लावलेल्या गळाच्या काठीवर) घराजवळच्या तळ्यांत बास हा गोड्या पाण्यातला मासा पकडून हात बऱ्यापैकी बसलेला. मार्चमध्ये लेक फोर्कला जायचं ठरलं म्हणून त्याने पहिल्यांदाच बेटकास्टर, म्हणजे कास्ट करताना लाइन गुंडाळलेला स्पूल स्वतः फिरतो असं रीळ, घेतलं, आणि तिथे बोटीवर मासेमारी कमी आणि गुंता सोडवणं जास्त अशी गत झाली. परत आल्यावर त्याचं एकच पालुपद, रीळ फॉल्टी आहे, हे परत करतो आणि डिजिटल ब्रेकवालं घेतो. मी म्हटलं घे बाबा, पैसे तुझे, पण आधी आहे ते सगळं सामान घेऊन पार्कात ये.

हे सविस्तर लिहितोय कारण असं गिऱ्हाईक दर सीझनला भेटतं आणि जवळजवळ सगळ्यांचा क्रम उलटा असतो. आधी रीळ घेतात, मग त्याला शोभेल असा रॉड, मग दुकानात समोर दिसेल ती लाइन, आणि लूरचा, म्हणजे नकली आमिषाचा, विचार पाण्यावर पोचल्यावर. माझ्या मते लूर किती वजनाचं आणि ते टाकायचं कुठे इथून सुरुवात करायची, रीळ सगळ्यात शेवटी येतं, आणि तोवर ते जवळपास ठरलेलंच असतं.

जागा कशी आहे ते आधी सांगतो, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. लेक फोर्क म्हणजे पूर्व टेक्ससमधलं सुमारे २७ हजार एकरांचं धरणाचं पाणी, धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, आणि भरताना आतली झाडं बरीचशी तशीच उभी ठेवलेली, त्यामुळे अजूनही पाण्यातून वाळके सांगाडे वर आलेले दिसतात. फ्लोरिडा जातीचे बास मुद्दाम सोडून वाढवलेले आहेत. टेक्ससचा लार्जमाउथ बासचा रेकॉर्ड इथलाच, १९९२ च्या जानेवारीत बॅरी सेंट क्लेअरने पकडलेला १८.१८ पौंडी, म्हणजे सव्वाआठ किलोचा मासा. गंमत अशी की तो गेला होता क्रॅपी हे छोटे मासे धरायला, गळाला जिवंत मिनो मासळी लावून. बेटकास्टरशिवाय मोठा बास मिळतच नाही असं छातीठोक सांगणाऱ्यांना मी हे आवर्जून ऐकवतो. पण उभ्या झाडांतून मासा खेचून काढायचा, जाड लाइन वापरायची, अर्ध्या औंसाचं लूर दिवसभर एकाच जागी नेमकं टाकत राहायचं, तर बेटकास्टरला तोड नाही हेही तितकंच खरं. अंगठा स्पूलवर असतो, लूर नेमकं कुठे थांबवायचं ते आपल्या हातात असतं.

आता त्याचं सामान बघा. रीळ चांगलं होतं, ८.५:१ गिअर रेशोचं, उजव्या हँडलचं. रॉड सव्वासात फुटी, हेवी पॉवर म्हणजे चांगलाच ताठ, त्यावर लूरचं वजन छापलेलं की ३/८ ते सव्वा औंस. लाइन ५० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेल्या धाग्यांची, स्पूल काठोकाठ भरलेला. आणि लूर? तळ्यावर स्पिनिंगला जे चालत होतं तेच, चार इंची रबरी वर्म, वजन न लावता, हुकासकट सहासात ग्रॅम भरला असता तर नशीब. वर पाव औंसाचे दोनतीन छोटे जिग, म्हणजे डोक्याला वजन असलेले हुक. म्हणजे रॉड किमान साडेदहा ग्रॅम मागतोय आणि त्याला मिळतायत सहासात. इथेच निम्मं प्रकरण संपतं, पण त्याला ते पटायला वेळ लागला, कारण त्याचं म्हणणं, स्पिनिंगवर हेच लूर झकास जातं की.

स्पिनिंगवर जातं कारण तिथे स्पूल फिरतच नाही, लाइन नुसती वेटोळी सुटत बाहेर पडते, लूरला काहीही फिरवायला लागत नाही. बेटकास्टरमध्ये लूरला अख्खा स्पूल फिरवत न्यायचा असतो. संक्रांतीला फिरकी धरणारा पोरगा आठवा, पतंग जोरात ओढ घेतो, फिरकी गरगरते, आणि पतंगाने अचानक ढील दिली तरी फिरकी काही लगेच थांबत नाही, मग मांजा फिरकीवरच सैल होऊन भेंडोळं होतं. बॅकलॅश म्हणजे हेच. लूरचा वेग हातातून सुटताना सर्वात जास्त असतो आणि तिथून हवा त्याला अडवत जाते, स्पूलला मात्र हवेचं काही देणंघेणं नाही, तो मिळालेल्या वेगाने फिरत राहतो. लूर हलकं असेल तर ते लवकर मंदावतं. समोरून वारा असेल तर आणखी लवकर. आणि मार्चमध्ये लेक फोर्कवर वारा नाही असा दिवस शोधावा लागतो.

त्यात हेवी रॉडची भर. सहा ग्रॅमने तो रॉड वाकतच नाही, म्हणजे रॉडची स्प्रिंग काहीच काम करत नाही, मग लूर लांब जात नाही म्हणून माणूस मनगटाने झटका मारतो. झटक्याने स्पूल एकदम वेग घेतो, लूरमागे दम नसतो, पहिल्या दहा फुटांतच लाइन फुगते. मग गडी काय करतो, बाजूचा टेन्शन नॉब आवळतो. गुंता थोडा कमी होतो पण लूर आता नाकासमोर पडतं, म्हणून पुढचा कास्ट आणखी जोरात, की परत गुंता, की परत नॉब. संध्याकाळपर्यंत नॉब इतका आवळला होता की रिकाम्या स्पूलला बोटाने ढकललं तर तो अर्धा फेराही घेईना. ब्रेकचं डायल मात्र जिथे फॅक्टरीतून आलं तिथेच, त्याला ते कशासाठी असतं हेच माहीत नव्हतं, कारण मॅन्युअल कोण वाचतो.

पार्कात पहिलं काम केलं ते रीळ निर्दोष सोडवायचं. टेन्शन नॉब सैल केला, इतकाच ठेवला की स्पूल डावी-उजवीकडे हलू नये पण फिरायला मोकळा असावा. ब्रेक जवळजवळ पूर्ण वर. अर्ध्या औंसाचं लिपलेस क्रॅंकबेट (माशाच्या आकाराचं कडक लूर) घेतलं, हुक काढून टाकले म्हणजे गवतात अडकायला नको आणि कोणाच्या कुत्र्याला लागायला नको, आणि त्याला म्हटलं, झटका नाही, रॉड बाजूने आण, मागे लूरचं वजन जाणवू दे, मग सावकाश पुढे सोड. पहिल्याच कास्टला लूर सरळ गेलं. लांब नाही गेलं, पण गुंता नाही. तो रीळकडे बघतोय, मी त्याच्याकडे. "अरे, रीळ तेच आहे ना?" म्हटलं तेच आहे, फक्त आता समोर चौदा ग्रॅम आहेत.

मग परत तोच वर्म लावून दाखवला, तीच सेटिंग, आणि तिसऱ्या-चौथ्या कास्टला मस्त फुगा. कोणाचं रीळ खराब आहे असं वाटलं तर ही टेस्ट घरच्या घरी करण्यासारखी आहे. अर्धा औंस नीट जातं आणि पाव औंस गुंतवतं तर रीळमध्ये बिघाड नाही, जोडी चुकलीय. अर्धा औंसही जात नसेल, स्पूल फिरताना खरखर येत असेल, तर बेअरिंग बघा, बऱ्याचदा नुसती घाण नाहीतर वाळकं ग्रीस असतं. स्पूलच्या बेअरिंगला ग्रीस लावायचंच नाही, हलक्या तेलाचा एक थेंब पुरे.

ब्रेक आणि टेन्शन यांतला फरक कळला की बाकी सोपं जातं. टेन्शन नॉब स्पूलच्या दांड्याला बाजूने दाबतो, तो कास्टच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच अडवतो. ब्रेकचं तसं नाही, तो वेग जास्त तेव्हा जास्त अडवतो. सेंट्रिफ्युगलमध्ये छोटे ठोकळे स्पूलबरोबर फिरताना बाहेर फेकले जाऊन रिंगवर घासतात, मॅग्नेटिकमध्ये चुंबकाजवळून धातू फिरला की आपोआप विरोध तयार होतो, घासाघीस काही नाही. दोन्हींत धोक्याची वेळ म्हणजे कास्टची सुरुवात सांभाळली जाते आणि शेवटी स्पूल मोकळा होतो. म्हणून अंतर हवं असेल तर नॉब सैल आणि ब्रेक जास्त, हे उलट कधीच नाही. नवीन माणसाला सगळीकडे सांगतात की स्पूल मोकळा सोडून लूर हळूहळू खाली यायला लागेल इतका नॉब आवळ आणि लूर जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे. पहिल्या दिवसाला ठीक आहे, पण लोक वर्षानुवर्षं तिथेच अडकतात आणि मग म्हणतात माझं रीळ लांब फेकत नाही.

शेवटचा भाग अंगठ्याचा, आणि याला पर्याय कुठल्याही कंपनीने अजून काढलेला नाही. लूर पाण्याला लागायच्या क्षणी अंगठा स्पूलवर दाबला गेलाच पाहिजे, कारण लूर थांबलं पण स्पूल फिरतोय, मग कितीही ब्रेक असला तरी शेवटचे दोन वेटोळे सैल पडणारच. हवेत असताना अंगठा नुसता टेकलेला, लाइन वर उचलली जातेय असं वाटलं की हलका दाब. आमच्या मित्राची खोड म्हणजे लूर कुठे पडतंय ते बघायचं आणि अंगठा विसरायचा. मी त्याला ब्रेक दोन क्लिक कमी करून दिला म्हणजे चूक लगेच दिसेल, शिव्या दिल्या मला, पण संध्याकाळ व्हायच्या आत अंगठा आपसूक पडायला लागला.

गुंता झालाच तर सोडवायची एक युक्ती आहे जी त्याला कोणी सांगितली नव्हती, तो नखांनी एकेक वेटोळं उपसत बसायचा. अंगठा स्पूलवर घट्ट दाबायचा, हँडल दोनतीन वेळा फिरवायचं, क्लच मोकळा करून लाइन ओढायची, अडकली की परत तेच. बहुतेक गुंते असे सुटतात. नाही सुटला तर कात्री.

आणि कात्रीवरून लाइनचा विषय. शिकताना ५० पौंडी ब्रेड मला पटत नाही. ब्रेड मऊ असते, गुंता झाला की वेटोळी एकमेकांत शिरतात, वर जोरात ओढलं की ती खालच्या थरात रुतते आणि पुढच्या कास्टला तिथेच अचानक अडकते, मग लूर तुटून एकटंच निघून जातं. शिवाय नुसत्या धातूच्या स्पूलवर ब्रेड बांधली तर आख्खा गोळा घसरत फिरतो, खाली थोडी मोनो (साधी एकपदरी नायलॉनची लाइन) नाहीतर टेप लागतेच, त्याच्याकडे तीही नव्हती. फ्लोरोकार्बनची लाइन चांगली पण बॅकलॅशमध्ये तिला मुरड पडते, आणि ती मुरड दिसत नाही, ती दिसते मोठ्या माशाला हुक मारताना, तुटून. शिवाय महाग. म्हणून त्याला साधी १४ पौंडी मोनो भरून दिली, स्वस्त, माफ करणारी, कापताना जीव तुटत नाही. आणि स्पूल काठोकाठ न भरता पाऊण. बाहेरच्या थरातली लाइनच स्पूलला सगळ्यात जड करते, ती कमी असली की स्पूल चटकन सुरू होतो आणि चटकन थांबतो. अंतर थोडं कमी मिळतं पण शिकणाऱ्याला कुठे मॅच जिंकायचीय. नंतर हात बसला की काठाच्या खाली तीनेक मिलिमीटरपर्यंत भरा.

आता गिअर रेशो, ज्यावरून त्याची आणि माझी खरी वादावादी झाली. त्याने ८.५ घेतलं कारण जास्त आकडा म्हणजे चांगलं. मुळात ८.५:१ म्हणजे हँडलचा एक फेरा, स्पूलचे साडेआठ. साधारण ३४ मिलिमीटरच्या भरलेल्या स्पूलवर हे एका फेऱ्याला ३६ इंच होतं, ७.४ ला ३१, ६.२ ला २६. वाचायला दहा इंचांचा फरक किरकोळ वाटतो. पण मार्चमध्ये पाणी पंधरा-सोळा डिग्री असताना स्पिनरबेट (फिरत्या पात्यांचं लूर) सावकाश, झाडांच्या बुंध्याला घासत आणायचं असतं, आणि ३६ इंचांच्या रीळने मनगट आपल्या नेहमीच्या लयीत फिरलं की ते लूर वर येऊन पृष्ठभागावर धावायला लागतं. त्याला त्या दिवशी बास न लागण्याचं हे एक कारण नक्की होतं, गुंता नसतानाचे जे थोडे कास्ट झाले तेही वाया गेले. हळू फिरव म्हणून सांगणं सोपं असतं, पाच तास उन्हात उभं राहिल्यावर हात आपल्याच लयीवर येतो. खोल जाणाऱ्या क्रॅंकबेटला तर वेगवान रीळ म्हणजे मनगटाला शिक्षा, ते लूर पाण्यात इतकं ओढ घेतं की कमी रेशोवरच बरं.

उलट टेक्सस रिगला (पुढे वजन आणि हुकाचं टोक रबरी वर्ममध्ये लपवलेलं), जिगला, गवतावरच्या रबरी बेडकाला ८.५ झकास. तिथे लूर रॉडने हलवायचं असतं, रीळचं काम फक्त सैल लाइन गोळा करणं, आणि मासा लागला की त्याने झाडाला वळसा घालायच्या आत त्याला ओढून काढणं. म्हणून मी त्याला रीळ परत करू दिलं नाही. तो हेवी रॉड, ते ८.५, शिकून झाल्यावर परत तीच ब्रेड, फक्त खाली मोनोचं अस्तर देऊन, अर्ध्या औंसाच्या टेक्सस रिगसाठी बाजूला ठेवलं. ती जोडी वाईट कधीच नव्हती, नको त्या कामाला लावली होती.

मग दुसरं काय घ्यायचं. तो अजून डिजिटलवर अडलेला. उदाहरणार्थ शिमानो कंपनीचं डीसी रीळ बघा, आतला छोटा प्रोसेसर स्पूलचा वेग सारखा मोजून ब्रेक कमीजास्त करतो, त्यासाठी लागणारी वीज स्पूल स्वतःच फिरताना तयार करतो, बॅटरी नाही, इंजिनिअरिंग म्हणून खरंच देखणं काम आहे आणि वाऱ्यात फरक पडतो हे मी नाकारत नाही. पण लूर पाण्याला कधी टेकलं ते त्याला कळत नाही, तिथे अंगठाच. आणि सहा ग्रॅमला चौदा ग्रॅम तो करू शकत नाही. ज्याचं बजेट मोकळं आहे त्याने घ्यावं, पण तेच पैसे मध्यम दर्जाचं साधं रीळ आणि एक बरा रॉड यांत घातले तर शिकणाऱ्याचा जास्त फायदा, असं माझं मत, ज्याला पटत नसेल त्याने सोडून द्यावं.

शेवटी घेतलं ते शंभर डॉलरच्या आसपासचं, सेंट्रिफ्युगल ब्रेकचं, सातच्या जवळपास रेशोचं. सहा की सात यावर मी थोडा घुटमळलो, स्पिनरबेटला सहा जास्त बरं, पण त्याच रॉडवर लिपलेस आणि जिगही टाकणार असेल तर सात मधलं पडतं. रॉड सात फुटी मीडियम हेवी, पाव ते एक औंसवाला, पुढून वाकणारा. छापलेला पाव औंस हा आकडा आशावादी असतो, खरी मजा ३/८ पासून पुढे. हँडल कुठल्या बाजूचं यावर मी काही बोललो नाही. उजव्याने कास्ट करून रॉड डाव्या हातात घ्यायचा आणि उजव्याने फिरवायचं ही अमेरिकेतली जुनी सवय, डावं हँडल घेतलं तर हातबदल वाचतो, स्पिनिंगवाल्याला तेच सोयीचं जावं. त्याला उजवंच हवं होतं, तर उजवं.

पुढच्या खेपेला फोर्कवर वारा होताच. बोट वाऱ्याकडे पाठ करून लावली, सुरुवातीला ब्रेक पूर्ण, अर्ध्या औंसाचं पांढरं स्पिनरबेट, कास्ट खालून आणि बाजूने, उंच नाही. उंच फेकलं की वारा लूरला धरतो. गुंते झाले, दोनेक कात्रीचेही झाले, पण मासेमारी झाली. दुपारी एका बुंध्याजवळ लागलेला बास मोजला तर सतरा इंच, आणि फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, सोडावाच लागतो, म्हणून फोटो काढून सोडला. त्याला वाटलं होतं घरी नेऊन तळता येईल. वहिनींना फोटो पाठवला तर उत्तर आलं, येताना पापलेट घेऊन या.

त्याला अजून जमत नाही ते म्हणजे बोटींच्या धक्क्याखाली लूर पाण्यावरून टप्पे खात आत घालणं. तिथे लूर दर टप्प्याला वेग हरवतं आणि स्पूल हरवत नाही, म्हणजे एका कास्टमध्ये गुंत्याच्या चारपाच संधी. त्यासाठी ब्रेक वर नेऊन, घरामागच्या तळ्यावर, कापायला फुकटची लाइन असेल तेव्हाच सराव करावा.

आणि तो चार इंची वर्म? तो सोडायला तयार नाही, कारण तळ्यावर त्याने त्याला भरपूर मासे दिलेत. आता विचारतोय की उथळ स्पूलचं, हलकी लूरं टाकायला जपानी लोक वापरतात ते बीएफएस रीळ घेऊ का. चालेल, त्यासाठीच बनलंय ते, पण त्याला रॉडही हलका वेगळा लागेल आणि लाइनही पातळ, म्हणजे आणखी एक पूर्ण सेट. त्याची स्पिनिंग गॅरेजमध्ये उभीच आहे, मी सांगितलं तीच काढ.